अडतीस जागची तारीख

तारखेत आधी दिवस आणि मग महिना दाखवायचा, एवढाच बदल होता. ऋता दवाखान्याचं सॉफ्टवेअर सांभाळायची, शंतनू ग्रंथालयाचं. बदल दोघांनाही करायचा होता. टीम लीडची खुर्ची रिकामी होती आणि हे काम कोण कसं करतं ते पाहून मुजुमदार सर त्या खुर्चीवर माणूस बसवणार होते.

ऋताने तारीख लिहिणारं फंक्शन, म्हणजे कोडचा तेवढा तुकडा, एकाच फाइलमध्ये ठेवून तिथून एक्स्पोर्ट केलं होतं. बाकीच्या फाइली ते तिथूनच मागवून, म्हणजे इम्पोर्ट करून, वापरत. तिने एक ओळ बदलली आणि ती चहाला गेली. शंतनूने तेच फंक्शन अडतीस फाइलींत चिकटवून ठेवलं होतं. तो तीन आठवडे रविवारीही आला, त्याने दाढी वाढवली आणि तो सरांच्या केबिनवरून उघडा लॅपटॉप हातात धरून येजा करत राहिला.

"तू हुशार आहेस गं," सर ऋताला म्हणाले, "पण शंतनूची तळमळ बघ. तू त्या दिवशी चहा पीत होतीस."

खुर्ची मिळाल्यावर शंतनू ऋताच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "एके ठिकाणी अजून महिना आधी येतोय. तुझं फंक्शन पाठव ना."

"पाठवते. पण आता तरी एका फाइलमध्ये ठेव आणि सगळीकडे इम्पोर्ट कर. दहा मिनिटांत मोकळा होशील."

शंतनूने तिच्याकडे मोठ्या मायेने पाहिलं.

"अगं, दहा मिनिटांत मोकळा झालो, तर मॅनेजर कधी होणार?"