शांतक एक टक्का

बॉयलर फुटून विलास गेला, त्याला एक दिवस झाला होता. सुतकात चूल पेटवायची नसते, म्हणून शेजारची फुलाबाई रिवाजाप्रमाणे कडू घास घेऊन आली. पिठलं आणि भाकरी.

विलासच्या आईने, हौसाबाईने, ताट बाजूला सारलं.

"आज नको. कारखान्याचा साहेब यायचाय. बॉयलर गळतोय म्हणून पोरगं महिनाभर सांगत होतं, तेव्हा तुम्ही काय करत होता, हे मला त्याला विचारायचंय."

"विचार की. पण उपाशीपोटी बोलशील कशी?"

"पीठ कुठलं आहे?"

फुलाबाईने ताट पुन्हा पुढे सरकवलं. घरी दळायला बंदी आल्यापासून पीठ एकच मिळायचं. पिशवीवर कायद्याप्रमाणे ठळक छापलेलं असायचं: ज्वारी ९९ टक्के, शांतक १ टक्का. त्याचा अंमल दिवसभर टिकायचा. हौसाबाई कालपासून अन्नाला शिवली नव्हती, म्हणून तर तिला रडू येत होतं.

पण आळीतल्या बायका जमल्या. असं कुठं चालतं का म्हणत त्यांनी मायेने तिच्या तोंडात घास घातले. हौसाबाईने अर्धी भाकरी खाल्ली.

चार वाजता साहेब आला. 'आमची काही तक्रार नाही' असं लिहिलेला कागद त्याने पुढे केला. हौसाबाईने डोळे पुसले आणि सही केली. मग उरलेलं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"दोन घास खाऊन जा, साहेब."

साहेबाने घाईने हात जोडले.

"नको, मावशी. आमच्या ऑफिसात सगळे भातच खातात."