एका माणसाची ज्वारी

"एवढं खाते तरी काय हे पोट्टं? का हत्ती पोसून राह्यलं खोलीवर?"

धुरपताबाईचं हे बोलणं महागावला यष्टीत चढताना सुरू झालं, ते यवतमाळला उतरेपर्यंत थांबलं नाही. शेजारची बाई आर्णीला उतरली, तेव्हा तिलासुद्धा हरिसिंगच्या पोटाची सगळी हकीकत पाठ झाली होती.

हरिसिंग तिचा नातू. बंजाऱ्यांच्या तांड्यातून कालेजात गेलेला पहिला. महाराष्ट्र झाला त्या साली त्याचं नाव लागलं, आणि तांड्याच्या मुखियाच्या, नायकाच्या घरची ही म्हातारी त्या दिवसापासून मान वर करूनच चालत होती. पण पोरगा महिन्याची ज्वारी निम्म्या महिन्यातच फस्त करी आणि निरोप धाडी, दाणे संपले. आधी तिला वाटलं, वाढतं अंग आहे. मग वाटलं, शहराचं पाणी भूक लावत असेल. मग मात्र तिचं डोकं फिरलं.

कारण ज्वारी मापून देणारी ती स्वतः होती. तिचे आजेसासरे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडलेले. एका माणसाला वाटेत किती दाणा पुरतो, हे सासूनं तिला शिकवलं होतं. अक्षर एक येत नव्हतं, पण तिच्या पायलीला खोटं म्हणायची तांड्यात कोणाची छाती नव्हती. पायली खरी, म्हणजे पोरगा खोटा. विकत असेल. विकून सिनेमे पाहत असेल.

म्हणून आज तिनं पोतं आणलंच नव्हतं. ती त्याला न्यायला आली होती. झालं तेवढं कालेज पुरे. घरी औत वाट पाहत होतं.

खोलीच्या दाराशी जोड्यांचा ढीग पडला होता. तिनं आत पाऊल टाकलं आणि तिथंच थबकली.

भिंतीला टेकून बाबूसिंग जेवत होता. त्याची कोर्टात तारीख होती. मानीबाईच्या उजव्या हाताला दवाखान्यातली पट्टी होती, आणि ती डाव्या हातानं वरणात भाकर कुस्करत होती. फकिरा मधोमध मांडी घालून बसला होता. सगळे तिच्याच तांड्यातले. हरिसिंग चुलीपाशी उकिडवा बसून वाढत होता.

"या, नायकणबाई, बसा!" फकिरा म्हणाला. जसं काही घर त्याच्या बापाचं.

आलेल्याच्या पुढं आधी ताट, विचारपूस मागून, ही तांड्याची रीत. हरिसिंगनं टोपल्यात हात घातला आणि तिच्यापुढं भाकर आणि वरण ठेवलं. तीही रीत मोडणारी नव्हती. ती जेवली. पण जेवता जेवता तोंडानं दुसरं कामही करत राहिली.

"खाऊन खाऊन जाते कुठं रे? सदऱ्यात तुह्यासारखा अजून एक मावंल. अंगाले तं काही लागून नाही राह्यलं!"

हरिसिंग खाली मान घालून हसला. तिनं हात धुतला.

"बस आता तू. जेव अन पेटी भर. तुले घराकडं नेऊन राह्यली मी."

त्याचं हसू गेलं. "दादी, परीक्षा आहे मही."

"आधी जेव म्हटलं ना!"

"मी मागून जेवतो."

तिनं टोपलं स्वतःच पुढं ओढलं. वरचं फडकं उचललं. आत काही नव्हतं. तिनं पिठाचा डबा हलवला. तो रिकामा वाजला. हरिसिंगनं गडवा उचलला, पाठ फिरवली आणि तो घटाघटा पाणी प्याला.

शेवटची भाकर धुरपताबाईच्या पोटात होती.

ती वळली. तिचा आवाज खाली आला होता. "फकिरा, तू कधी आला?"

"बाजाराच्या दिवशी. बैल पाहाले आलतो. सौदा तं तवाच झाला. म्हटलं आलोच आहे, तं यवतमाळ पाहून घेऊ."

"इथं कोणी धाडलं तुम्हाले?"

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. मानीबाईला तर हा प्रश्नच कळला नाही.

"कोणी म्हंजे? तूच तं धाडलं, याडी, माय. धरमशाळेत कायले जाता, यवतमाळले आता आपलं घर आहे, असं तूच म्हणे. आमच्या आधी रुपीबाईची लेक राहून गेली. तिलेही तूच धाडलं होतं. त्याच्या आधी..."

धुरपताबाईनं हातानंच तिला गप्प केलं. मग नातवावर डोळे वटारले.

"तोंड नव्हतं तुले? मले सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू, दादी? येणारा दारातूनच तुहं नाव घेते. तुह्या नावानं आलेल्याले उपाशी निजवू?"

फकिराचा घास हातातच राहिला. म्हातारी उठली, जोडे पायात घातले आणि बाहेर पडली. सगळ्यांना वाटलं, रागानं यष्टीकडं गेली.

ती परत आली, तेव्हा पदराखाली पिठाची पिशवी होती. हातात नवंकोरं लोखंडी कुलूप होतं. पिशवी तिनं चुलीपाशी ठेवली. कुलूप हरिसिंगच्या हातावर आपटलं, आणि तिघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"कालेजात जाशीन तवा हे लावजो. घरात असशीन तवा आतून कडी घालजो. अन बाहेरून कोणी म्हटलं, 'पोरा, मी तुही दादी आली', तरी उघडू नको. तीच सगळ्यात खादाड आहे."