कोणती काचिर्ला?

"पाठ फिरवा, बाबा. घराकडे तोंड करा," मिर्ता म्हणाली. "माझ्या ओठांकडे बघून उत्तरं द्यायची नाहीत."

दाल्मिरो कुरकुरत वळला. समोर स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको एदेल्मा 'माते' नावाच्या कडवट चहाचा भोपळा धरून बसली होती. नळीने सावकाश घुटके घेत होती, जगाशी काही देणंघेणं नसल्यासारखी. मागे मेंढ्यांचं कुरण होतं, लेक होती आणि लेकीची गाडी. गाडीची डिकी उघडीच होती. म्हातारा-म्हातारीचं सामान तिच्यात भरायचं की नाही, हे आता ठरणार होतं.

झालं होतं असं, की ट्रकचा हॉर्न दाल्मिरोला ऐकूच आला नाही आणि तो घोड्यासकट चरात गेला. मोंतेविदेओहून थोरल्या मुलाने, रुबेनने, मिर्ताला फर्मान काढलं, बाबा बहिरे झाले असतील तर दोघांनाही शहरात घेऊन ये. दाल्मिरो फोनवर गरजला, "बहिरा? अरे, काचिर्ला कोणती, ते मी अजून नुसत्या कानाने सांगतो!"

बढाई अंगाशी आली. काचिर्ला म्हणजे कुरणात तुरुतुरु पळणारं, वाळक्या गवताच्याच रंगाचं चिमणीएवढं पाखरू. तिच्या जाती दोन, थोरली आणि धाकटी, पण दोघींचे कपडे सारखेच. गाण्यावरून मात्र चटकन कळतात. थोरली आभाळात फडफडत राहून गाते, धाकटी एकच लांब सूर काढत खाली येते. दाल्मिरोला मोठ्याने बोललेलं अजून कळायचं, पण हे बारीक सूर त्याच्यापुरते केव्हाच बंद पडले होते.

पण त्याच्याकडे एदेल्मा होती. पत्त्यांचा त्रुको खेळताना जोडीदाराला हातातली पानं चेहऱ्याने सांगायची असतात, आणि या खेळात ही जोडी पंचक्रोशीत बदनाम होती. भुवया उडवल्या तर थोरली. ओठांचा चंबू केला तर धाकटी. डोळे मिटले तर हात रिकामा. पोरं लहान असताना, पाखरू बुजू नये म्हणून, त्याने गवतात पालथं पडून त्यांना याच खुणांनी काचिर्ला शिकवल्या होत्या. म्हणून तर आता धाकधूक होती. मिर्ताने आभाळ सोडून आईकडे बघितलं, की खेळ खलास.

"ही कोणती?" मिर्ता ओरडली.

एदेल्माने भोपळ्यावरून त्याच्या खांद्यापलीकडे टक लावली. मग भुवया उडवल्या.

"थोरली!"

"आता?"

चंबू.

"धाकटी. घसा बसलाय बिचारीचा."

मागे मिर्ताला खोकला आला. "आणि ही?"

एदेल्मा नुसतीच बघत राहिली. शेवटी तिने शांतपणे डोळे मिटले.

"ही कसली कोणती? काहीच गात नाहीये! बापाला फसवतेस होय गं, चोरटे?"

मिर्ताने तिथूनच फोन लावला. "रुबेन, कान शाबूत आहेत. हो, तिन्ही बरोबर. मी कशाला खोटं बोलू?" तिने डिकी धाडकन लावली, बापाच्या गालाचा मुका घेतला आणि कानाशी तोंड नेऊन बजावलं, "घोडा कुरणातच. रस्त्यावर न्यायचा नाही."

गाडीची धूळ खाली बसली. दाल्मिरो बायकोशेजारी टेकला. घर राहिलं होतं, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"म्हातारे, तुझ्या कानांनी आज वाचवलं. नशीब, पोरीची नजर सारखी आभाळात होती."

एदेल्मा भोपळ्यात गरम पाणी ओतत राहिली. त्याने तिचा खांदा हलवला आणि तेच पुन्हा ओरडून सांगितलं.

"आभाळात?" एदेल्मा म्हणाली. "मला तरी कुठं काय ऐकू येतंय, म्हाताऱ्या? तुझ्या पाठीमागे उभी राहून पोरगी जशी तोंडं करत होती, तशी मी करत होते."