एकाच पत्त्याला मनाई

तिसऱ्यांदाही पडद्यावर तेच उमटलं : प्रवेश नाकारला.

स्नेझिनाने टेबलावर चिकटवलेल्या चिठ्ठीतला पासवर्ड एकेक अक्षर बघत पुन्हा टाकला. परत नकार. आता तिने हात आवरला. पाचदा चुकलं की सर्व्हर खातंच बंद करतो, हे तिला ठाऊक होतं.

सीमेवरच्या विदिन गावातल्या एका गणित विद्यालयाचा परीक्षा विभाग ती सांभाळायची. बुधवार आणि शुक्रवार घरून काम, बाकीचे तीन दिवस ऑफिसात. आज शुक्रवार होता. प्रवेश परीक्षा पुढच्या शनिवारी, आणि प्रश्नपत्रिकेवर शेवटचा हात फिरवायचा राहिला होता.

तिने ओग्न्यानला फोन लावला. विद्यालयाचे सगळे संगणक त्याच्या ताब्यात.

"अरे, तुझा सर्व्हर मला आत घेत नाहीये."

"हो का?" तो म्हणाला. "सुरक्षेचे नियम कडक केलेत, ताई. बाहेरून येणाऱ्या सगळ्यांनाच त्रास होतोय. आठवडाभर ऑफिसातच या ना."

"सगळ्यांनाच?"

"सगळ्यांनाच."

फोन ठेवून तिने वेसेलाला विचारलं. वेसेला इंग्रजी शिकवायची आणि पुलापलीकडे, रुमानियात राहायची.

"मी सकाळपासून आत आहे," वेसेला म्हणाली. "मला परदेशातून घेतोय आणि तुला गावातून नाही? काय पाप केलंस बाई?"

स्नेझिनाला हसू आलं नाही. तिने घरचं इंटरनेट तोडलं, संगणक मोबाइलला जोडला, तोच पासवर्ड टाकला. दार लगेच उघडलं. म्हणजे पासवर्ड बरोबर, खातं चालू, संगणक ठीक. नडत होतं ते फक्त घर.

अडवलेल्या पत्त्यांची यादी विभागप्रमुखांना बघता यायची. तिने ती उघडली. यादीत एकच ओळ होती. तिच्या घरचा इंटरनेटचा पत्ता, काल, गुरुवारी संध्याकाळी घातलेला.

तिने ती ओळ दोनदा वाचली. चूक अशी होत नाही. चुकीने दहा घरं अडतात, नेमकं एकच अडत नाही.

"जमलं का काही?" बाबांनी बानित्साची, चीज भरलेल्या गरम पेस्ट्रीची, बशी टेबलावर ठेवली. चाळीस वर्षं गणित शिकवून मेतोदी निवृत्त झाले होते. आता घरीच पाच-सहा मुलांची शिकवणी घ्यायचे. मुलीच्या कामात मात्र कधी डोकावायचे नाहीत. स्नेझिनाला त्याचा अभिमान होता.

"ओग्न्यानने मुद्दाम अडवलंय मला."

"कशाला अडवेल? भला पोरगा आहे तो."

"भला असता तर खोटं बोलला नसता."

बाबा बशी तिच्याकडे सरकवून म्हणाले, "खा आधी. गार झाली की चिवट होते."

सोमवारी ती थेट ओग्न्यानच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"यादीत एकटं माझंच घर कसं?"

त्याने दाराकडे पाहिलं. "हळू बोला, ताई."

"का? कोणाला कळायला नको?"

"परीक्षा होऊ दे. मग मी स्वतः काढतो ते. तोवर विचारू नका."

"आणि विचारलं तर?"

"तुमचंच नुकसान होईल."

ही धमकीच होती. दोन वर्षं गावात कुजबुज होती की विद्यालयाचे प्रश्न काही मुलांना आधीच माहीत असतात. भाजी बाजारात एका आईने तर तिला तोंडावर विचारलं होतं, पेपर नक्की कुणाकडे मिळतो म्हणून. त्या रात्री ती जेवली नव्हती. आता तिला सगळं लख्ख दिसलं. सर्व्हरच्या किल्ल्या ज्याच्या हातात, प्रश्नपत्रिका त्याच्याच हातात. शेवटच्या आठवड्यात तिची नजर तिथे नको, म्हणून तिचंच दार बंद.

दुपारी ती मुख्याध्यापिका लिलोव्हा बाईंसमोर बसली. सगळं सांगितलं. बाईंनी ओग्न्यानला बोलावून घेतलं.

"सर्व्हरची नोंदवही उघड. कोण कधी आत आलं, कुठून आलं, सगळं."

"बाई, आज नको," ओग्न्यान म्हणाला. "शनिवारनंतर मी राजीनामा देतो हवं तर."

"ऐकलंत?" स्नेझिना म्हणाली. "तक्रार लेखी देते मी. ही नोंदवही सोबत जोडा आणि चौकशी समितीकडे पाठवा."

"सही करता?"

"आत्ता करते."

तिने सही केली. लिलोव्हा बाईंनी पडदा आपल्याकडे वळवून घेतला, चष्मा लावला आणि बराच वेळ खाली खाली वाचत गेल्या. मग त्यांचा आवाज बदलला.

"मागचा सोमवार, सकाळी दहा वाजून पाच. मंगळवार, दहा वाजून वीस. गुरुवार, अकरा. प्रत्येक वेळी एकच फाइल उघडलीये, प्रश्नपत्रिकेची. तुमच्या नावाने, स्नेझिनाबाई. तुमच्या घरून."

"शक्यच नाही. हे तिन्ही दिवस मी इथे होते. हजेरी बघा. वेसेलाला विचारा."

"हजेरी आहे," बाई म्हणाल्या. "मग त्या वेळी घरी कोण होतं?"

स्नेझिनाला शुक्रवारी बाबांनी पुढे सरकवलेली बशी आठवली. तिने ओग्न्यानकडे पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता.

"मलाही गणित त्यांनीच शिकवलं, ताई," तो म्हणाला.