चार नंबरचा कॅमेरा

"आज तुझा कॅमेरा शाना झाला गो," काशिराम फोनवर म्हणाला. "माझं जेवन व्हईपर्यंत क्रेन एकदा पन नाय थांबली. शेट पन नाय बोंबलला."

निशा हसली. "आमच्या ऑफिसातल्या दीपेशने सेटिंग बदललं असेल, बाबा."

मागून क्रेनवाल्या गणूचा आवाज आला. "निशाताय, तुझा बाप डबा उघडायचा न् अख्खा यार्ड उपाशी रहायचा!"

कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या त्या शेडमध्ये काशिराम वीस वर्षं पाइपांच्या बंडलांना पट्टे बांधत आला होता. कॅमेरे बसवले निशाच्या खारघरच्या कंपनीने. ऑफिसात पडद्यावर शेडचं चित्र यायचं. त्यावर माउसने हद्द आखायची. माणूस दिसला की त्याच्याभोवती हिरवी चौकट उमटायची, आणि चौकट हद्दीत आली की क्रेन आपोआप थांबायची.

काशिराम जेवायला बसायचा तो खांबाशेजारी, सावलीत, नेमका हद्दीत. जागा काही सोडेना. शेटने दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "पुन्हा क्रेन थांबली तर घरी बस."

"जागा बदला ना, बाबा," निशा आता म्हणाली. "निदान वर बघत जा."

"वर बघाची सवयच मोडली. तू बघतेस नं," काशिराम म्हणाला, आणि ती पुढे बोलायच्या आत त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सव्वा वाजता, काशिराम जेवत असताना, क्रेनला टांगलेल्या बंडलाचा पट्टा तुटला.

चौकशीत सगळं लवकर बाहेर आलं. चार नंबरच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये खांबाशेजारचा कोपरा कुणीतरी झाकून टाकला होता. चित्रात तो दिसतो, पण झाकलेल्या भागाकडे मशीन बघतच नाही. बदल दीपेशच्या लॉगिनवरून झाला होता. तो हातापाया पडून नाही म्हणत राहिला.

"तू त्याच्या शेजारी बसतेस. तुला काय वाटतं?" साहेबांनी निशाला विचारलं.

"लॉगमध्ये आहे ते आहे," ती म्हणाली.

साहेबांनी मान खाली घातली. जिचा बाप गेला तिला आणखी काय विचारायचं?

ते चित्रण निशाने कितीदा पाहिलं याचा हिशेब नव्हता. गणूभोवती हिरवी चौकट. हमालांभोवती चौकट. फाटकात उभ्या ट्रकच्या क्लीनरभोवतीसुद्धा चौकट. खांबाशेजारी भाकरी मोडणाऱ्या माणसाभोवती काहीच नाही. मशीनच्या लेखी तिथे कुणी नव्हतंच.

मग त्या चौकटी तिच्या मागे लागल्या. पनवेलच्या बाजारात भाजीवालीभोवती, रिक्षावाल्याभोवती, घरी भांडी घासणाऱ्या आईभोवती हिरव्या रेघा उमटायच्या. एकदा बाबांच्या खुर्चीकडे ती पापणी न लववता बघत बसली. तिथे काही उमटलं नाही.

तेराव्याला दीपेश घरी आला. पंधरवड्यात त्याचे गाल आत गेले होते. उंबऱ्याबाहेरच थांबला.

"आत ये पोरा," निशाची आई गुणाबाई म्हणाली. "भाइर काय उभा रहतो? तू काय मुद्दाम केलंस?"

त्या शब्दांनी तो ढासळला. खाली बसून, फोटोकडे न बघता बोलू लागला.

"काकी, मला आठवत नाही हो. खूप आठवून बघितलं. पण लॉगिन माझं आहे, म्हणजे हात माझाच लागला असणार. झोपेत पण तोच कोपरा दिसतो. उद्या पोलिसांना तसं लिहून देतोय. त्याआधी तुमची माफी मागायला आलो."

गुणाबाईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "देव बघतो सगलं. जेवून जा."

निशा पाण्याचा तांब्या घेऊन मधोमध उभी होती. तो तिने खाली ठेवला.

"आई, त्याला माफ नको करूस," ती म्हणाली. "दीपेश, तू चहाला गेला होतास, तुझा कॉम्प्युटर उघडा होता. तो कोपरा मी झाकला."