चांगुणाची यादी

"मावशी, मलमाची ही शेवटची खेप," अश्विनी सिस्टर म्हणाली. "आता खरूज परतली, तर ऊसतोड टोळीच्या पोरांना अंगणवाडीत बसू देणार नाहीत. गावानं बजावलंय."

अंगणवाडीची मदतनीस चांगुणा फणकारली. बेलापूरच्या शिवारात उतरलेल्या टोळीची ती पोरं म्हणजे तिचा जीव की प्राण. त्यांना खिचडी भरवायची, मांडीवर निजवायचं, शेंबूड आपल्याच पदराला पुसायचा. चार वर्षांची निकिता तर तिच्या कडेवरून उतरायचीच नाही. निकिताच्या बोटांच्या बेचक्यांत पू झाला होता. असंच राहिलं तर मूत्रपिंडालाही धोका, असं डॉक्टर म्हणाल्यापासून चांगुणाला घास गोड लागत नव्हता.

औषध दोनदा झालं होतं. दोन्ही वेळा पोरं बरी झाली आणि महिनाभरात पुन्हा खाजवू लागली.

"कुणीतरी एक सुटतंय," सिस्टर म्हणाली. "ज्याच्या अंगाला अंग लागतं, त्या प्रत्येकानं एकाच दिवशी मलम लावायचं. खाज असो वा नसो."

चांगुणानं पदर खोचला. भांड्यांच्या पावडरीनं चरचरणारे हात चोळत तिनं टोळीची पाचटाची कोपी न् कोपी, झोपडी न् झोपडी पालथी घातली. नावं लिहिली, मानेपासून तळपायापर्यंत मलम लावून घेतलं, गोधड्या उन्हात टाकायला लावल्या. मुकादम सूर्यभान तेवढा अडला.

"मला काय झालंय? मी न्हाई लावनार."

"तुमच्यापायीच पोरं खाजवून मरत्यात. तुमी लावताय का मी लावू?"

मुकादम मुकाट्यानं ट्यूब घेऊन कोपीत शिरला. चोर सापडला, असं चांगुणाला वाटलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

महिन्यानं सिस्टर तपासायला आली. निकिता पुन्हा खाजवत होती. चांगुणाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"सव्वीसच्या सव्वीस मानसं झाली, ताई. ही यादी बगा. टोळीतलं एकबी सुटलं न्हाई."

सिस्टरनं यादी वाचली. खरंच कुणी सुटलं नव्हतं.

निकिता नेहमीसारखी येऊन मांडीवर बसली. चांगुणा तिला थोपटत राहिली, आणि थोपटता थोपटता पावडरीच्या नावानं बोटं मोडत आपले हात खाजवू लागली.

सिस्टरची नजर यादीवरून त्या हातांवर गेली. मग तिनं नव्या ट्यूबचं झाकण काढलं.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "हात पुढं करा."