पुसलेल्या फुल्या

"वर कुणी चढवलं ह्यांना?" सेटची डिझायनर ताई स्टुडिओच्या दारातच थबकली.

सिमेंटच्या जाहिरातीसाठी तिने उभा केलेला अवाढव्य किल्ला. त्याच्या सर्वांत वरच्या सज्ज्यात नाचणाऱ्या पोरी रांगेत उभ्या होत्या. मधोमध तिची भाची.

"शॉट बदललाय ताई," दिग्दर्शक म्हणाला. "वरून काय झकास दिसतंय! आणि सज्जा माणूस पेलतो, तुम्हीच म्हणालात."

"तुळयांवर पेलतो. मधे नुसता पातळ प्लाय आहे. म्हणून तर पोकळ जागी लाल खडूने फुल्या मारल्यात."

दिग्दर्शकाने रंगाऱ्याकडे पाहिलं. रंगाऱ्याने स्वतःच्या चपलांकडे.

"साहेब, तुम्हीच म्हणालात, क्रेनवरच्या कॅमेऱ्यात फुल्या दिसतायत, पुसून टाक. मी वर दगडी रंग मारला."

ताईने मान वर केली. सगळा सज्जा एकसारखा दगडी.

"छान मारलास," ती म्हणाली. "आता माझं मलाच ओळखू येईना."

संगीत सुरू होणार होतं. तिने माइक हिसकावला, पण आवाज चढवला नाही.

"पोरींनो, पाय उचलू नका. आहात तिथेच, अलगद खाली बसा."

"काय झालं गं मावशी?" भाची वाकू लागली.

"काही नाही. बस."

मागच्या शिडीने ती वर गेली. सज्ज्यात आडवी पडली आणि बोटांच्या पेरांनी फळ्या वाजवत सरकू लागली. भरीव आवाज आला, की तिथे तळहात ठेवायची. त्या वाटेने एकेक पोर रांगत शिडीकडे यायची.

भाची शेवटची. तिच्या गुडघ्याखाली करकरलं. कठड्याचा एक दगड निसटला. खालची माणसं भराभर मागे सरली. थर्माकोलचा दगड गिरक्या घेत जमिनीला टेकला. आवाजच झाला नाही.

"माझ्याकडे बघ. दे हात."

भाची शिडीवरून उतरली, तसा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

ताई वरच होती. खिशातून लाल खडू काढून ती फळ्या वाजवत फुल्या मारत होती.

"अहो ताई," दिग्दर्शक खालून ओरडला, "त्या पुन्हा कॅमेऱ्यात दिसणार!"

"दिसू देत," ती म्हणाली आणि पुढची फुली जरा मोठी काढली.